नको असलेली व्हायरल प्रसिद्धी आणि ट्रोलिंग: किशोरवयीनांनी कोणत्या क्रमाने काय करावे

आपला एखादा व्हिडिओ, फोटो किंवा चॅटचा स्क्रीनशॉट अनोळखी लोकांच्या हाती लागून पसरू लागला की बहुतेक मुलेमुली पहिल्या काही तासांत तीन गोष्टी करतात. कमेंटमध्ये जाऊन खुलासा लिहितात, संबंधित पोस्ट आणि चॅट घाईघाईने डिलीट करतात आणि घरी काही कळू नये म्हणून धडपडतात. तिन्ही गोष्टी स्वाभाविक असल्या तरी तिन्हींमुळे पुढचे काम अवघड होते: खुलाशामुळे पोस्ट आणखी वर येते, डिलीट केल्यामुळे पुरावा जातो आणि लपवाछपवीमुळे ज्यांची तक्रार ग्राह्य धरली जाईल ती मोठी माणसेच बाजूला राहतात. रिपोर्ट करणे, ब्लॉक करणे, शाळेला कळवणे हे उपाय सर्वांनाच ठाऊक असतात. चूक होते ती त्यांच्या क्रमात, म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत.

## सुरुवातीपूर्वी: तातडीचा धोका आहे का?

पुढीलपैकी एकही गोष्ट लागू असेल तर टप्प्यांचा क्रम बाजूला ठेवून आधी मदत मागावी.

1. जगणे नकोसे वाटत आहे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत आहेत. अशा वेळी एकटे राहू नये. घरातल्या किंवा जवळच्या मोठ्या माणसाला त्याच क्षणी सांगावे, आणि कोणी जवळ नसेल तर आपल्या देशाच्या आपत्कालीन क्रमांकावर किंवा मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन करावा. स्क्रीनशॉट नंतर काढता येतील.
2. घरचा पत्ता, फोन क्रमांक किंवा रोजचा येण्याजाण्याचा रस्ता कोणीतरी जाहीर केला आहे आणि प्रत्यक्ष इजा करण्याची धमकी दिली आहे. हे ट्रोलिंग नव्हे, पोलिसांत जाण्याचे प्रकरण आहे.
3. नग्न किंवा खासगी फोटो पसरला आहे, किंवा तो पसरवण्याची धमकी देऊन पैसे अथवा आणखी फोटो मागितले जात आहेत. पैसे देऊ नयेत, कारण एकदा दिले की मागणी थांबत नाही, वाढते. उत्तर देणे बंद करावे, पण चॅट डिलीट करू नये, आणि मोठ्या माणसासोबत पोलिसांकडे तक्रार करावी. या प्रकारासाठी वेगळी वाट टप्पा ४ मध्ये दिली आहे.

## टप्पा १: एक मोठा माणूस सोबत घ्या

हा टप्पा पहिला ठेवण्यामागे व्यावहारिक कारण आहे. प्लॅटफॉर्मकडे, शोधइंजिनांकडे, शाळेकडे आणि पोलिसांकडे अल्पवयीन व्यक्तीच्या वतीने पालक तक्रार करू शकतात, आणि काही ठिकाणी पालकांचीच तक्रार अधिक वेगाने पुढे सरकते. शिवाय दिवसभर शिव्या वाचत बसण्याचे काम ज्याला शिव्या दिल्या जात आहेत त्यानेच करणे योग्य नाही. ते दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेतले पाहिजे.

सांगायला सुरुवात कशी करावी हेच पुष्कळांना सुचत नाही. लांबलचक प्रस्तावना न करता, मुख्य गोष्ट आणि हवी असलेली मदत एकाच दमात सांगावी: "माझा एक व्हिडिओ इंटरनेटवर पसरतो आहे आणि लोक घाण कमेंट करत आहेत. मला ओरडा नको, मदत हवी आहे. आपण बसून तक्रार करू या." आईवडिलांशी बोलणे शक्य नसेल तर मावशी, काका, मोठी बहीण, विश्वासातले शिक्षक किंवा समुपदेशक चालतील. समवयस्क मित्रमैत्रिणी आधार म्हणून हव्यातच, पण तक्रारीच्या कामी त्या पुरेशा ठरत नाहीत.

पालकांसाठी सूचना: मुलाने सांगितल्याबरोबर त्याचा फोन काढून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच मुले अशा गोष्टी लपवतात, आणि पुरावाही त्याच फोनमध्ये असतो. "तू तो व्हिडिओ काढलासच कशाला?" हा प्रश्न निदान पहिल्या आठवड्यात विचारू नये. त्याच्या उत्तराने एकही पोस्ट खाली येत नाही.

## टप्पा २: काहीही डिलीट करण्याआधी पुरावा जमवा

या टप्प्यावर घाई केली की पुढे पश्चात्ताप होतो. रिपोर्ट केलेली पोस्ट अनेकदा तक्रारदाराला दिसेनाशी होते, ब्लॉक केलेल्या खात्याचे प्रोफाइल उघडत नाही आणि स्टोरी तर २४ तासांत आपोआप जाते. म्हणून पुरावा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक हा क्रम मोडू नये.

1. स्क्रीनशॉट पूर्ण पडद्याचा घ्यावा. फक्त शिवी दिसेल एवढा तुकडा कापून ठेवला तर तो कोणाचा, कधीचा आणि कुठला हे सिद्ध करता येत नाही. त्यात वापरकर्तानाव, तारीख, वेळ आणि मजकूर असे चारही दिसले पाहिजे.
2. प्रत्येक पोस्टची लिंक कॉपी करावी. त्रास देणारे लोक पकडले जाण्याच्या भीतीने वापरकर्तानाव बदलतात. पोस्टची लिंक मात्र सहसा तीच राहते. तक्रारीच्या फॉर्ममध्ये लिंकच मागितली जाते, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.
3. स्टोरी, लाइव्ह आणि लांबलचक कमेंटसाठी स्क्रीन रेकॉर्डिंग करावे. रेकॉर्डिंगमध्ये आधी प्रोफाइल, मग मजकूर असा क्रम ठेवला तर संबंध स्पष्ट राहतो.
4. एका साध्या तक्त्यात नोंद ठेवावी. त्यातली एक ओळ साधारण अशी असते: तारीख व वेळ, प्लॅटफॉर्म, वापरकर्तानाव, लिंक, काय लिहिले किंवा टाकले ते शब्दशः, ओळखीची व्यक्ती आहे का, रिपोर्ट कधी केला, काय उत्तर आले. शेवटचे दोन रकाने आरंभी रिकामे असतात, पण शाळेत किंवा पोलिसांत गेल्यावर विचारणा नेमकी त्यांचीच होते.
5. सगळ्याची एक प्रत त्या फोनबाहेर, मोठ्या माणसाकडे ठेवावी.

हजारो कमेंट असतील तर प्रत्येक कमेंट जपण्याचा हट्ट धरू नये. धमक्या, वैयक्तिक माहिती उघड करणारा मजकूर, ओळखीच्या मुलांनी लिहिलेला मजकूर आणि सर्वांत आधी व्हिडिओ टाकणारे खाते एवढे मिळाले तरी पुरे. "हाहा" लिहिणाऱ्या शेकडो अनोळखी लोकांच्या नोंदी करत बसण्यात रात्री जातात आणि हाती काही लागत नाही.

इशारा: अल्पवयीन व्यक्तीच्या नग्न किंवा लैंगिक फोटोचा स्क्रीनशॉट काढू नये आणि तो पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नये. अनेक देशांत असा फोटो बाळगणे आणि पुढे पाठवणे हाच गुन्हा आहे. तेथे फक्त लिंक, वापरकर्तानाव, वेळ आणि धमकीचा मजकूर नोंदवावा.

पडताळा: तुमच्या तक्त्यातली कोणतीही एक ओळ प्रकरण माहीत नसलेल्या माणसाला दाखवा. कोणी, कुठे, कधी, काय केले हे त्याला न विचारता समजले, तर पुरावा नीट आहे.

## टप्पा ३: स्वतःच्या खात्यांची दारे लावा

व्हिडिओ पसरला की पुढच्या काही तासांत लोक त्यातल्या मुलाचे नाव, शाळा, जुने फोटो आणि भावंडांची खाती शोधू लागतात. तुमच्या विरोधात वापरला जाणारा कच्चा माल बहुतेक वेळा तुमच्याच जुन्या पोस्टमधून येतो.

1. सगळी खाती प्रायव्हेट करा. केवळ ज्या खात्यावर प्रकार घडला तेवढेच नव्हे, तर विसरलेली गेमिंगची आणि जुनी खातीसुद्धा.
2. फॉलोअरची यादी तपासा. खाते प्रायव्हेट केल्याने आधीपासून असलेले फॉलोअर जात नाहीत, आणि स्क्रीनशॉट बाहेर नेणारा माणूस पुष्कळदा त्याच यादीत असतो. जो नेमका कोण हे सांगता येत नाही, त्याला काढून टाका.
3. प्रोफाइलवरच्या परिचयातून (बायो) शाळेचे नाव, जन्मतारीख, फोन क्रमांक, ठिकाण काढा. गणवेश किंवा घराचा दर्शनी भाग दिसणारे फोटो संग्रहात (आर्काइव्ह) हलवा, म्हणजे ते इतरांना दिसणार नाहीत.
4. ईमेलचा पासवर्ड आधी बदला, मग इतर खात्यांचे. ईमेल दुसऱ्याच्या हाती असेल तर बाकीचे पासवर्ड बदलून उपयोग नसतो, कारण ते त्याच ईमेलवरून पुन्हा बदलता येतात. सर्वत्र दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक कोड मागणारी सोय, सुरू करा.
5. भावंडांना आणि जवळच्या मित्रांनाही हेच करायला सांगा, आणि तुम्हाला टॅग केलेले फोटो काढायला लावा.

इशारा: रागाच्या भरात खाते कायमचे डिलीट करू नका. त्यामुळे चॅटमधला पुरावा जातो, आणि तुमच्या नावाने फेक अकाउंट उघडले गेले तर खरे खाते कोणते हे दाखवायलाही काही उरत नाही. फार त्रास होत असेल तर खाते तात्पुरते बंद ठेवावे.

## टप्पा ४: मजकूर खाली उतरवण्यासाठी नेमका रिपोर्ट करा

रिपोर्ट फेटाळला जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे चुकीचा प्रकार निवडणे. "मला हे आवडले नाही" किंवा "स्पॅम" हा पर्याय दाबला की तक्रार भलत्याच रांगेत जाते. छळ, खासगी माहिती उघड करणे, तोतयेगिरी, धमकी, अल्पवयीन व्यक्तीचे लैंगिक चित्रण यांपैकी जे लागू असेल तेच निवडावे.

1. मूळ पोस्ट आधी, मग सर्वाधिक पाहिलेल्या प्रती, मग बाकीच्या. प्रत्येक प्रतीचा वेगळा रिपोर्ट लागतो.
2. लिहिण्याची जागा असेल तर भावना नव्हे, वस्तुस्थिती लिहा: "या व्हिडिओत दिसणारी व्यक्ती मी आहे. माझे वय १५ आहे. हा व्हिडिओ माझ्या परवानगीशिवाय टाकला आहे. १२ व्या सेकंदाला माझा चेहरा आणि शाळेचे नाव दिसते. कमेंटमध्ये मला धमक्या दिल्या आहेत." एवढ्या चार-पाच वाक्यांचे काम पानभर कैफियतीने होत नाही.
3. यूट्यूबवर गोपनीयतेची तक्रार स्वतंत्र असते आणि ती ज्याचे चित्रण आहे त्याने किंवा त्याच्या पालकांनी करायची असते. तक्रारीनंतर व्हिडिओ टाकणाऱ्याला तो स्वतः काढण्यासाठी ४८ तास दिले जाऊ शकतात. त्या काळात "काही झालेच नाही" असे समजून खचू नये.
4. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट केला की त्या खात्याचे किंवा ग्रुपचे शेवटचे पाच संदेश कंपनीकडे जातात. म्हणून आक्षेपार्ह संदेश आल्याबरोबर रिपोर्ट करावा. तीस संदेश पुढे गेल्यावर त्या खात्याचा किंवा ग्रुपचा रिपोर्ट केला तर त्या पाचांत तो संदेश नसतो. ग्रुप ॲडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी डिलीट करता येतो, हे अनेक ॲडमिनना माहीत नसते, तेव्हा तसे सांगावे.
5. १८ वर्षांखालील व्यक्तीचे फोटो गूगलच्या शोध निकालांतून काढण्याची विनंती ती व्यक्ती किंवा तिचे पालक करू शकतात. यामुळे फोटो फक्त शोधातून जातो, मूळ संकेतस्थळावर तो राहतोच, म्हणून तिथेही वेगळी तक्रार करावी.
6. नग्न किंवा लैंगिक फोटो १८ वर्षांखालच्या वयातला असेल तर 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा वापरावी. फोटो कोठेही पाठवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तेवढाच सहभागी प्लॅटफॉर्मना कळवला जातो. फोटो कापला, त्यावर इमोजी चिकटवला किंवा त्याचे मीम केले की ठसा बदलतो, म्हणून अशा प्रत्येक रूपाचा वेगळा ठसा लागतो. प्रौढांसाठी अशीच सेवा 'स्टॉप एनसीआयआय' या नावाने चालते.

कॉपीराइटच्या तक्रारीबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण "कॉपीराइट टाक, लगेच उडतो" हा सल्ला सर्रास दिला जातो. व्हिडिओ तुम्ही स्वतः चित्रित केला असेल तर हा मार्ग खरोखरच प्रभावी आहे. दुसऱ्याने तुमचे चित्रण केले असेल तर मात्र हक्क सहसा चित्रण करणाऱ्याचा असतो, आणि खोटा दावा अंगाशी येऊ शकतो. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: अशा तक्रारीत दिलेले नाव आणि संपर्क समोरच्या व्यक्तीपर्यंत पोहोचू शकतो. त्रास देणाऱ्याच्या हाती आपलेच नाव आणि ईमेल जाऊ नये, यासाठी ही तक्रार पालकांनी किंवा वकिलाने त्यांच्या संपर्कावरून करावी.

पडताळा: पहिला रिपोर्ट फेटाळला गेला तर "पुनर्विचार करा" हा पर्याय दिसतो का ते पाहा. पहिल्या नकारावर थांबणे ही नेहमीची चूक आहे.

## टप्पा ५: आता ब्लॉक करा, पण सरसकट नव्हे

अनोळखी लोकांना बिनदिक्कत ब्लॉक करावे. वर्गातल्या मुलांच्या बाबतीत थोडा विचार करावा, कारण ब्लॉक केल्याचे त्यांना कळते आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच चर्चा होते. इन्स्टाग्रामवरचा 'रिस्ट्रिक्ट' हा पर्याय अशा ठिकाणी उपयोगी पडतो: त्या व्यक्तीची कमेंट तिला स्वतःला दिसत राहते, तुम्ही मान्य केल्याशिवाय इतरांना दिसत नाही आणि तुम्ही तिचे संदेश वाचले की नाही हेही तिला समजत नाही. शिवाय कमेंटमधले ठरावीक शब्द लपवण्याची यादी करावी आणि त्यात आपल्या टोपणनावाची विडंबने, स्पेलिंग बदलून लिहिलेल्या शिव्या असे सगळे घालावे. यादी करण्याचे काम शक्यतो मित्राकडे द्यावे.

## टप्पा ६: जाहीर बोलायचे का, ते ठरवा

बहुतेक प्रकरणांत उत्तर नाही असे आहे. प्लॅटफॉर्मला कमेंट रागाची की कौतुकाची याच्याशी फारसे देणेघेणे नसते. पोस्टवर हालचाल आहे एवढे त्याला दिसते आणि ती आणखी लोकांसमोर जाते. अमेरिकी गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड हिने २००३ मध्ये आपल्या घराचे हवाई छायाचित्र काढून टाकण्यासाठी दावा लावला. त्याआधी ते छायाचित्र अवघे सहा वेळा डाउनलोड झाले होते, त्यातही दोनदा तिच्याच वकिलांनी. दाव्याची बातमी झाल्यावर महिन्याभरात चार लाखांहून अधिक लोकांनी त्या संकेतस्थळाला भेट दिली. म्हणजे मजकूर काढून घेण्यासाठी धडपडू नये असे नाही. ती धडपड बंद दाराआड, फॉर्म आणि पत्रे यांच्या वाटेने करावी, स्टोरी टाकून नव्हे.

अपवाद दोन. तुमच्या नावावर खोटी आणि घातक गोष्ट खपवली जात असेल, किंवा तुमच्या एखाद्या कृतीमुळे खरोखरच कोणाचे नुकसान झाले असेल आणि त्याची क्षमा मागायची असेल. अशा वेळी एकदाच, तीन-चार वाक्यांत, मोठ्या माणसाला दाखवून, रात्र उलटल्यानंतर लिहावे आणि कमेंट बंद ठेवाव्यात. आधी दुखावलेल्या व्यक्तीची थेट क्षमा मागावी, जाहीर निवेदन त्यानंतर.

प्रत्यक्ष भेटीत विचारणाऱ्यांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवावे: "हो, तो मीच आहे. तो मी टाकलेला नाही आणि त्यावर मला बोलायचे नाही." खोटे बोलावे लागत नाही आणि पुढच्या चिडवण्याला धागाही मिळत नाही.

इशारा: मित्रांना "जाऊन त्यांना झोडा" असे सांगू नका. त्यांनी दिलेल्या शिव्यांचे स्क्रीनशॉट उद्या तुमच्या विरोधात लागतील.

## टप्पा ७: शाळेशी लेखी बोला

जगभर पसरलेल्या व्हिडिओचा उगम अनेकदा शेजारच्या बाकावर असतो. कॅनडातल्या घिस्लेन राझा या शाळकरी मुलाने २००२ मध्ये शाळेच्या स्टुडिओत गोल्फचे चेंडू गोळा करण्याची काठी फिरवत स्वतःचे चित्रण केले होते. २००३ मध्ये ते इंटरनेटवर पोहोचले ते सहाध्यायांमुळे, आणि कुटुंबाने दावाही लावला तो त्या मुलांच्या कुटुंबांवर. तो २००६ मध्ये तडजोडीने मिटला. अनोळखी लाखोंना थांबवणे कोणाच्याच हातात नसते. ओळखीच्या दहा मुलांना थांबवणे शाळेच्या हातात असते.

1. तोंडी सांगून थांबू नये. भेटीनंतर त्याच दिवशी पालकांनी काय बोलणे झाले त्याचा ईमेल पाठवावा.
2. "काहीतरी करा" असे न म्हणता तीन-चार ठोस मागण्या कराव्यात: वर्गाच्या ग्रुपमधून व्हिडिओ काढायला लावणे, मधल्या सुट्टीत आणि स्वच्छतागृहाच्या आसपास लक्ष ठेवणे, गरज पडल्यास केव्हाही जाऊन बसता येईल अशा एका शिक्षकाचे नाव ठरवणे, आणि कारवाईची माहिती कधी देणार ती तारीख.
3. सर्वांसमोर समेट घडवण्याच्या बैठकीला लगेच होकार देऊ नये. दोघांचे भांडण असते तेव्हा समेट होतो. एकावर अनेक असताना अशी बैठक त्रास झालेल्या मुलालाच आणखी कोंडीत पकडते.

शाळा बदलणे हा शेवटचा पर्याय ठेवावा. नव्या शाळेत व्हिडिओ आधीच पोहोचलेला असतो, आणि हाताशी असलेले चार मित्र मात्र मागे राहतात.

## टप्पा ८: पत्रकार, जाहिरातदार आणि "हक्क विकत घेऊ" म्हणणारे

व्हायरल झाल्यावर डीएममध्ये (थेट खासगी संदेशांत) मुलाखतीच्या विनंत्या येतात आणि काही कंपन्या व्हिडिओचे हक्क मागतात. "ओके, परवानगी आहे" असे नुसते लिहिणेही संमती म्हणून दाखवले जाऊ शकते, म्हणून एकाही संदेशाला स्वतः उत्तर देऊ नये, पालकांकडे सोपवावे. हक्क एकदा दिले की व्हिडिओ काढून टाकण्याचा तुमचा सर्वांत मजबूत मार्ग, म्हणजे कॉपीराइट, दुसऱ्याच्या हाती जातो. मुलाखत द्यायचीच असेल तर लाइव्ह नको, आणि प्रश्न आधी लेखी मागवावेत. पूर्ण नाव, शाळा व घर दाखवणार नाही हेही लेखी घ्यावे. लोक कौतुक करत असतील तेव्हा ही काळजी अधिकच घ्यावी, कारण कौतुकाची लाट उलटायला एखादी जुनी पोस्ट पुरते.

## टप्पा ९: पुढचे आठवडे

1. नोटिफिकेशन बंद करा आणि लक्ष ठेवण्याचे काम दुसऱ्याकडे द्या. त्याने दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी पाहावे आणि फक्त कारवाई करण्याजोगे असेल तेवढेच तुम्हाला सांगावे.
2. झोपताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रात्री दोन वाजता वाचलेली कमेंट दुपारी वाचलेल्या कमेंटपेक्षा खोल लागते, आणि त्या वेळी बोलायलाही कोणी जागे नसते.
3. खेळ, वाद्य, तालीम, जे आधी चालू होते ते चालू ठेवा, निदान एक तरी.
4. झोप उडणे, जेवण तुटणे, शाळेत जाण्याच्या विचाराने पोटात गोळा येणे हे दोन आठवड्यांहून अधिक चालले तर समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे जावे. मदत मागायला आणखी बिघडण्याची वाट पाहू नये.
5. महिन्यातून एकदा मोठ्या माणसाने तुमचे नाव, टोपणनाव आणि व्हिडिओचे प्रचलित शीर्षक लॉगआउट अवस्थेत शोधून पाहावे. एखादी नवी प्रत दिसली तर तक्त्यात नवी ओळ घालून पुन्हा टप्पा २ पासून सुरुवात करावी. दुसऱ्या फेरीला कमी वेळ लागतो, कारण तक्रारीचा मजकूर तयार असतो.